आज बार नाही

"आज बार नाही," असं खाणीच्या मॅनेजरनं मला तीनदा सांगितलं होतं. दोनदा फोनवर आणि एकदा काठावर उभं राहून चहा पिताना. बार म्हणजे खाणीतला सुरुंग.

जानेवारी 2023 मधली गोष्ट. पुणे जिल्ह्यातली दगडखाण. रॉयल्टीच्या हिशेबासाठी किती ब्रास दगड निघाला, ते मालकाला ड्रोननं मोजून हवं होतं. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा आदल्या रात्री पाहिला होता, ग्रीन झोन, म्हणजे उडवायला आधी परवानगी लागत नाही. सकाळी निघताना पुन्हा पाहिला, कारण पोलीस एखादा भाग 96 तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन, म्हणजे परवानगीशिवाय उड्डाणबंदीचा, करू शकतात. ड्रोनचा नोंदणी क्रमांक (यूआयएन), माझं पायलट सर्टिफिकेट, विमा, सगळं फाइलीत होतं. लोकांना वाटतं, कागद झाले की झालं.

कागदात न दिसणारी एक गोष्ट सांगतो. ग्रीन झोनची मर्यादा 400 फूट, म्हणजे 120 मीटर, आणि ती खालच्या जमिनीपासून मोजायची. स्क्रीनवर दिसणारी उंची मात्र ड्रोन जिथून उडाला तिथून मोजलेली असते. ही खाण 35 मीटर खोल. काठावरून उडवून 100 मीटरवर नेला, तर तळाच्या डोक्यावर तो 135 मीटरवर असतो. नियम मोडलेला असतो आणि स्क्रीन 100 च दाखवते. म्हणून मी आधी खाणीचा उभा छेद वहीत काढतो, मगच उड्डाणाची उंची ठरवतो. टेक-ऑफची जागाही क्रशरच्या लोखंडापासून आणि उघड्या काळ्या कातळापासून लांब, मुरमावर धरतो. त्या दगडातही चुंबकत्व असतं, कंपास बिघडतो. या सगळ्याला दीड तास चालावं लागतं. मालक म्हणाले, "मागच्या वेळी आलेला पोरगा दहा मिनिटांत उडवून गेला." त्याच पोराची मोजणी मान्य झाली नाही, म्हणून मला बोलावलं होतं, हे ते विसरले. मला अशा बोलण्याचा मनापासून राग येतो.

उड्डाणाआधी जमिनीवर खुणेचे बिंदू घ्यायचे असतात. काठावर डीजीपीएसचा, म्हणजे अचूक जीपीएसचा, एका जागी ठेवायचा बेस लावला, त्याचा रेडिओ सुरू केला आणि त्याचा काठीवरचा फिरता जोडीदार, रोव्हर, घेऊन मी नि मदतनीस खाली उतरलो. चुन्याची पांढरी फुली मारायची, मधोमध रोव्हरची काठी टेकवायची, काठी सरळ धरून तिच्यावरचा बुडबुडा मध्यावर आणायचा, रीडिंग घ्यायचं. दोन फुल्या झाल्या. तिसरी वरच्या टप्प्यावर, कड्यापासून चार-पाच पावलांवर मारली आणि काठी टेकवणार, तेवढ्यात खालून सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या कंप्रेसरवाल्यानं हाक मारली.

"दादा, तिकडं नका थांबू. बार भरल्यात."

मी पायाशी पाहिलं. फुलीपासून हातभर अंतरावर दगडाच्या भुकटीनं बुजवलेलं भोक होतं. त्यातून दोन बारीक तारा वर आल्या होत्या, एक लाल, एक पिवळी, टोकं एकमेकांत पिळलेली. त्यापलीकडे दुसरं भोक, मग तिसरं. ओळच होती. भुकटीचा रंग आणि जमिनीचा रंग एकच, म्हणून येताना दिसली नव्हती.

सुरुंग विजेनं पेटवणाऱ्या इलेक्ट्रिक कॅपच्या तारा अँटेनासारख्या रेडिओ लहरी पकडू शकतात. जवळ जोरदार ट्रान्समीटर असेल तर त्यात प्रवाह तयार होण्याचा धोका असतो, म्हणूनच टोकं पिळून ठेवतात. आणि माझ्या खिशात चालू मोबाइल, हातात रोव्हर, काठावर चालू रेडिओ. मोबाइलला हात न लावता आम्ही आल्या पावली मागे फिरलो. वर आल्यावर बेस बंद केला. मदतनीस जमिनीवर बसला, बराच वेळ काही बोलला नाही.

मॅनेजरला गाठलं. तो खोटं बोलला नव्हता. "तुम्ही आहात तोवर उडवणार नाही, असंच म्हटलं ना साहेब? भरून ठेवलेत, संध्याकाळी उडवू." त्याच्या लेखी बार म्हणजे आवाज. भरलेली भोकं म्हणजे नुसती तयारी. शेजारी दोन लाल झेंड्या लावायला काय लागतं?

पण माझ्या यादीतही 'ब्लास्टिंगची वेळ' एवढाच रकाना होता. भोकं भरली आहेत का, कुठं आणि कशानं, हे मी विचारलंच नाही. बेसचा रेडिओ दीडशे मीटरवर होता, पिळलेल्या तारांना तेवढ्यानं बहुधा काही झालं नसतं, असं मी त्या रात्री स्वतःला हिशेब मांडून सांगितलं. खिशातल्या मोबाइलचा हिशेब मात्र अजून मांडलेला नाही.

त्या दिवशी ड्रोन पेटीतून काढलाच नाही. संध्याकाळी साडेपाचला त्यांनी बार उडवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आलो, तेव्हा आधी कंप्रेसरवाल्याला शोधलं आणि त्याला बरोबर घेऊनच खाली उतरलो. पहिल्या दोन फुल्या धुळीनं मळल्या होत्या, पण जागेवर होत्या. तिसरी फुली मारलेला टप्पा ढिगात पडला होता. त्याचे दगड डंपरमध्ये भरणं चालू होतं, आणि त्यातल्या एकावर चुना होता.