पहिल्या वर्षी घराला हात का लावला नाही?

तुम्ही विचारलेत म्हणून हे लिहिते आहे. आणि विचारणारे तुम्ही एकटे नाही. आमचे घर पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे पाहतो, त्यांतले पोपडे सुटलेले दिवाणखान्याचे कोपरे आणि खिडकीपासून तिरकी गेलेली भेग पाहतो, आणि मग विचारतो की असल्या घरात राहायला आल्यावर तुम्ही दोघांनी वर्षभर वाट कसली पाहिलीत. हाताशी पैसा नव्हता का, की तुमचे आपसात पटत नव्हते?

पैसा मोजका होता हे खरे, आणि आमचे पटत नव्हते हेही पहिल्या काही महिन्यांपुरते खरे आहे. माझा नवरा कामाचा माणूस आहे. राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तो पुढच्या दाराचा रंग घासायला बसणार होता. मला मात्र त्या घराची धास्ती वाटत होती, कारण आमच्या आधी तिथे राहून गेलेल्या लोकांनीही दुरुस्त्या केल्या होत्या, पुन्हा पुन्हा केल्या होत्या, आणि त्या सगळ्यांखालून तीच ओल वर येत होती. दोन-तीनदा दुरुस्त होऊनही जे बिघडते, त्याचे कारण अजून कोणाला सापडलेले नाही, एवढेच माझे म्हणणे होते. त्यावर तो एकदा वैतागून म्हणाला, "आपण हे घर राहायला घेतले आहे की बघायला?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही. पुढे आम्ही एक वही घातली आणि तिच्या पहिल्या पानावर तारीख टाकून घरात दिसेल ते लिहायला लागलो. वाद हळूहळू त्या वहीत जिरला.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. आम्ही अगदीच काही केले नाही असे नाही. ज्या कामांना थांबण्याची मुभा नसते ती पहिल्या महिन्यातच उरकली. विजेच्या तारांवर जुने रबरी वेष्टन होते, तार वाकवली की त्याचा भुगा पडत होता, आणि अर्थिंग कुठेच नव्हते. ती सगळी तार काढून नवी घातली आणि ३० मिलिअँपिअर इतकी गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवून घेतले. छपरावरची फुटकी कौले बदलली. दाराचा रंग मात्र तसाच ठेवला. तेवढ्या जुन्या रंगात शिसे असू शकते, कोरडा घासला तर त्याची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या मेंदूला तिच्यापासून कायमची इजा होऊ शकते, हे त्या रविवारच्या आदल्या रात्री वाचनात आले. पुढे तपासणीत शिसे खरोखरच निघाले, आणि तो रंग पाणी मारत, तोंडाला योग्य मास्क लावून, प्रत्येक कपची गोळा करत खरवडावा लागला. ते दार घासले गेले असते तर, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

आता ओलीविषयी, कारण वर्षभर थांबण्याचे खरे कारण तीच होती. घर शंभरच्या आसपास वर्षांचे आहे आणि त्याच्या भिंती चुन्यात रचलेल्या विटांच्या आहेत. अशी भिंत पाणी अडवत नाही. ती थोडे पाणी शोषते आणि हवा कोरडी झाली की सोडून देते. चुनखडीचा दगड साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, मुरवून भिंतीत घातला की तो हवेतला तोच वायू पुन्हा सावकाश शोषून घेतो आणि दगडाच्या जातीला परत जातो. विटांच्या सांध्यांतला असा चुना विटेपेक्षा मऊ राहतो. भिंत किंचित हलली तर तो विटेला न मोडता स्वतः हलतो, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट देतो.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमधील लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतले, पण साध्या घरांच्या भिंतींपर्यंत ते पोहोचायला विसावे शतक उजाडावे लागले. सिमेंट उत्तम वस्तू आहे. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती चुन्याच्या ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापण्याविषयी. आमच्या आधीच्या कोणीतरी दिवाणखान्याच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत तो आतून-बाहेरून थापला होता. जमिनीतले पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढते आणि बहुधा मीटरभराच्या आसपास थांबते, कारण तोवर ते पृष्ठभागावरून उडून गेलेले असते. उडण्याची वाटच बुजवली की ते आणखी वर जाते, आणि जिथे गिलावा संपतो तिथे बाहेर येते. येताना बरोबर क्षार आणते; पाणी उडाल्यावर त्या क्षारांचे स्फटिक होतात, ते फुगतात आणि विटेचा चेहरा सोलून काढतात. यालाच गवंडी लोणा म्हणतात. चुन्याच्या गिलाव्याचे पोपडे सुटतात तेव्हा गिलावा मरतो आणि वीट वाचते. आमच्याकडे गिलावा टणक उभा होता आणि त्याच्या वरच्या कडेला विटांची माती होत होती.

हे सगळे आम्हाला पहिल्या दिवशी कळले असे समजू नका. पहिले चार महिने आम्ही ओल म्हणजे एकच वस्तू धरून चाललो होतो. मग भिंतीच्या वेगवेगळ्या जागी हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी पक्का चिकटवून ठेवला आणि दोन-तीन दिवसांनी पाहिले. दिवाणखान्यात थेंब प्लॅस्टिकच्या मागे, म्हणजे भिंतीच्या बाजूला जमले होते. तिथले पाणी भिंतीतून येत होते. मागच्या खोलीत ते पुढच्या बाजूला जमले. तिथे खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर जिरत होती, कारण त्या खोलीच्या दोन्ही खिडक्या रंगाच्या थरांनी चौकटीला चिकटून कित्येक वर्षे बंद होत्या. तिसरी ओल फक्त जोराच्या पावसानंतर तासाभराने दिसायची आणि दुसऱ्या दिवशी ओसरायची. ती पन्हळीची होती. एकाच घरात तीन ओली आणि तिघींचे उपाय निरनिराळे. घाईने सगळीकडे एकच जलरोधक रंग लावला असता तर तिन्ही झाकल्या गेल्या असत्या.

तिरक्या भेगेची गोष्टही अशीच आहे. ती पाहून एका कंत्राटदाराने कोपरा पाडून पुन्हा बांधावा लागेल असे सांगितले होते. भेग वर रुंद होती आणि खाली निमुळती होत गेली होती, याचा अर्थ घराचा तो टोकाचा कोपरा खाली बसला होता. पण केव्हा बसला आणि अजून बसतो आहे का, हे भेगेकडे नुसते पाहून कोणालाच सांगता येत नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना आम्ही पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहिली आणि मध्ये दोन ठिकाणी काचेची पातळ पट्टी दोन्ही काठांना घट्ट बसवली. भिंत हलली तर काच तडकते. पावसाच्या दिवसांत एक काच तडकली. त्याच आठवड्यात छपराचे पाणी उतरवणारा नळ कोपऱ्याजवळ जमिनीखाली तुटलेला सापडला. सगळ्या छपराचे पाणी पायालगतच्या मातीत जात होते आणि माती खचत होती. नळ बदलला, पाणी घरापासून दूर नेले, नवी काच बसवली. ती काच पुढच्या पावसाळ्यातही अखंड राहिली. त्यानंतर भेग चुन्याने भरून घेतली, आणि कोपरा जागच्या जागी आहे.

भिंत वाळण्याचा हिशेबही सांगायला हवा. ओल्या भिंतीला, पाण्याचा उगम थांबवल्यानंतर, जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना लागतो असे धरतात. आमची बाहेरची भिंत चौदा इंचांची. आमच्या म्हाताऱ्या गवंड्याने सिमेंटचा गिलावा उतरवून दिला आणि तो घरी जायला निघाला, तेव्हा मी विचारले की नवा गिलावा कधी लावणार. तो म्हणाला, "ताई, आधी भिंत तर कोरडी होऊ द्या." असे सांगण्यात त्याचे नुकसान होते, हातचे काम पुढे जात होते, आणि तरी त्याने सांगितले. आम्ही उघड्या विटांच्या खोलीत कित्येक महिने काढले. भिंत झाडली की रोज पांढरी पूड निघायची. ती आधी सुपलीभर, नंतर मूठभर, नंतर चिमूटभर झाली. वहीत त्याची नोंद आहे.

या काळात सर्वांत अवघड गेले ते माझ्या नवऱ्याला. हात चालू असले की त्याचे मन शांत राहते, आणि मी त्याचे हातच बांधून ठेवले होते. मग लाकूडकाम त्याने घेतले. खिडक्या एकेक करून उतरवल्या, बिजागऱ्या रॉकेलमध्ये भिजवून मोकळ्या केल्या, आणि पटाशीचे टोक टोचत प्रत्येक चौकट तपासली. घट्ट लाकूड टोकाला अडवते, कुजलेले वाट देते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, म्हणून कूज तिथेच सापडते जिथे पाणी साचते: चौकटीच्या तळाशी, आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोके जिथे दिसत नाहीत तिथे. वरच्या मजल्याच्या दोन तुळयांची टोके तशी निघाली. त्याने सुताराच्या हाताखाली उभे राहून कुजका भाग निकोप लाकडापर्यंत कापला आणि त्याच जातीचे मुरलेले लाकूड तिरक्या सांध्याने जोडले. तो सांधा मुद्दाम झाकलेला नाही. मला तो घरातल्या कुठल्याही नव्या वस्तूपेक्षा देखणा वाटतो.

त्या तुळयांवर एवढा भार कशाचा होता, तेही तेव्हाच कळले. वरच्या खोलीच्या लाकडी तक्तपोशीवर कधीतरी दोन इंच काँक्रीट ओतून फरशी बसवली होती. काँक्रीटचे वजन घनमीटरला साधारण २,४०० किलो असते. म्हणजे दोन इंच जाडीच्या थराचे चौरस मीटरला सुमारे १२० किलो, आणि बारा चौरस मीटरच्या त्या खोलीत जवळजवळ दीड टन, फरशी वेगळी. ज्या लाकडावर माणसे आणि खाट एवढेच यायचे होते, ते इतकी वर्षे हा बोजा उचलून उभे होते. तो थर आम्ही दोघांनी घमेल्या-घमेल्यांनी खाली आणला. काम संपले त्या रात्री खालच्या खोलीतले दार, जे नेहमी चौकटीला घासायचे, ते न घासता मिटले.

मला वाटते, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या दारात आहे. वर्षाच्या शेवटी वहीतली कामांची यादी आम्ही नीट वाचली तेव्हा लक्षात आले की घराला वयाने केलेली इजा फारच थोडी होती. बाकीची पाण्याने केली होती, आणि पाण्याइतकीच आधीच्या दुरुस्त्यांनी. आमचे निम्मे काम कुणीतरी लावलेले काढण्याचे ठरले: सिमेंट काढणे, काँक्रीट काढणे, खिडक्यांवरचा रंग काढणे. नव्या कामाची यादी त्या मानाने लहान होती. पहिल्याच महिन्यात सुरुवात केली असती तर आम्हीही आणखी एक थर चढवून बसलो असतो, आणि तो आमच्यानंतर येणाऱ्या कोणालातरी खरवडावा लागला असता.

स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधली भिंत पाडण्याचा बेतही त्या वर्षात मावळला. उजेड यावा म्हणून ती पाडावी असे मलाच वाटत होते. तक्तपोशी उघडल्यावर दिसले की मधली तुळई तिच्यावर टेकलेली आहे. आणि मागच्या खिडक्या मोकळ्या झाल्यावर उजेडही आला.

चुन्याचा नवा गिलावा दुसऱ्या वर्षी झाला, पातळ थरांत, प्रत्येक थर ओला राखत आणि उन्हापासून जपत. वर चुन्याचीच सफेदी दिली. ती लावताना दुधाच्या पाण्यासारखी पारदर्शक दिसते आणि वाळता वाळता पांढरी होत जाते; पहिल्या हाताला आम्ही दोघेही निराश होऊन खोलीबाहेर गेलो होतो आणि संध्याकाळी परत येऊन बराच वेळ त्या भिंतीसमोर उभे राहिलो होतो.

जिन्याखालच्या कोपऱ्यात एक ओल अजून आहे, तळहाताएवढी. ती पावसाशी जुळत नाही, नळाशी जुळत नाही. तिच्या कडेने पेन्सिलीची रेघ आहे आणि रेघेशेजारी माझ्या नवऱ्याच्या अक्षरात तारीख. पुढच्या कोरड्या महिन्यांत ती रेघेच्या आत येते की बाहेर जाते हे पाहायचे, आणि तोवर तिला हात लावायचा नाही, असे या वेळी त्यानेच सांगितले आहे.