कडेची शीर

मावशी ब्लाउज शिवतात. वय ५४, शुगर ११ वर्षांपासून. आल्या होत्या चष्म्याची मोडलेली काडी बदलायला. दोन्ही डोळ्यांची नजर ६/६. "सुई अजून मीच ओवते हो," म्हणाल्या. पडदा तपासू या म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून दोन वर्षांपूर्वीच्या शिबिराचा घडी घातलेला कागद काढला. 'पडदा नॉर्मल.' खाली फोटो काढणाऱ्याची सही. माझीच.

तरी थेंब घातले. जुन्या शुगरवाल्यांची बाहुली चटकन मोठी होत नाही, पाऊण तास गेला. डॉक्टरांना उजव्या डोळ्यात नाकाकडच्या बाजूला बारीक लाल गुंता दिसला आणि त्यांनी अँजिओ सांगितली. अँजिओ म्हटलं की घरच्यांना हृदयच आठवतं. मावशींच्या मुलाचा चेहरा उतरला. त्याला समजावलं, इथे हाताच्या शिरेत पिवळा डाय देतात, निळ्या उजेडात तो हिरवट चमकतो आणि कॅमेरा तेवढाच टिपतो. अंग दिवसभर पिवळसर दिसेल, लघवी केशरी होईल, घाबरू नका.

सिस्टरने डाय सोडला की टायमर चालू, आणि पुढची तीस सेकंदं माझी. दहा-पंधरा सेकंदांत डाय पडद्यावर पोचतो. आधी धमन्या भरतात. शिरा सुरुवातीला फक्त कडांनी उजळतात, मधे काळी रेघ राहते, मग पूर्ण भरतात. हे काही सेकंदांचं काम. निसटलं तर त्या दिवशी परत मिळत नाही. आणि नेमकं त्याच सुमारास पेशंटला मळमळतं. मावशींनाही उमासा आला. "लांब श्वास घ्या मावशी, हिरव्या ठिपक्याकडेच बघा." एका हातात जॉयस्टिक, दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यांची वरची पापणी धरलेली. एकही फ्रेम वाया गेली नाही.

मॅक्युला, म्हणजे बारीक नजरेचा पडद्याचा मधला भाग, त्याच्याभोवतीची केशवाहिन्यांची जाळी शाबूत होती, म्हणून सुई ओवता येत होती. नाकाकडे मात्र काळे पट्टे. तिथल्या केशवाहिन्या बंद पडलेल्या, डाय पोचलाच नाही. त्या काळ्या भागाच्या काठावर नव्या रक्तवाहिन्यांचा झुपका. पंचविसाव्या सेकंदाला कोळ्याच्या जाळ्यासारखा रेखीव, मिनिटाभरात कडा धूसर, पाचव्या मिनिटाला नुसता पांढरा कापसाचा बोळा. उपाशी पडदा अशा वाहिन्या उगवतो, पण त्यांच्या भिंती कच्च्या असतात, त्यातून झिरपतं. एखाद्या सकाळी तिथूनच डोळ्यात रक्त सांडतं. तोवर दुखत नाही, खुपत नाही, चष्म्याचा नंबर बदलत नाही. आणि नंबर बदलला नाही म्हणजे डोळे ठणठणीत, हे लोकांच्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

शिबिरात आम्ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत ११२ माणसं तपासली होती. थेंब नाहीत, प्रत्येक डोळ्याचा एकच फोटो, मॅक्युला मधोमध ठेवून. अशा फोटोत डिस्क, म्हणजे डोळ्याची नस पडद्याला मिळते ती जागा, कडेला येते आणि तिच्या पलीकडचा पडदा जवळजवळ सगळा चौकटीबाहेर राहतो. इंग्लंडच्या सरकारी तपासणीत म्हणूनच प्रत्येक डोळ्याचे दोन फोटो काढतात, दुसरा डिस्क मधोमध धरून. मला हे तेव्हाही ठाऊक होतं. आयोजकांना फलकावर लिहायला मोठा आकडा हवा होता आणि मी तो गाठून दिला. निदान कागदावर 'फोटोत दिसला तेवढा पडदा नॉर्मल' असं तरी लिहायला हवं होतं.

त्या रात्री जुनी हार्ड डिस्क शोधून मावशींचा फोटो काढला. उजवा डोळा. मॅक्युला स्वच्छ. उजव्या कडेला डिस्क, तिच्यावरून नाकाकडे जाणारी एक शीर. मोठा करून बघितला. चौकट संपण्याआधी ती शीर एकदा बारीक होते, मग फुगते, पुन्हा बारीक होते, ओवलेल्या मण्यांसारखी. पडदा उपाशी राहायला लागल्याची खूण. किंवा कडेचा फोकस गेलाय आणि पापणीच्या केसाची सावली पडलीय. पाच-सहा वेळा पाहिला, उजेड कमीजास्त करून पाहिला. कधी मणी वाटतात, कधी सावली.

लेझरची पहिली बैठक झाली. मावशी माझ्यासाठी घरचे शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या होत्या, "तुम्ही बळंच थेंब घातलेत म्हणून कळलं," म्हणाल्या. त्या जुन्या फोटोबद्दल मी त्यांना अजून काही बोललेलो नाही. दुसरी बैठक गुरुवारी आहे.