अण्णांच्या अ‍ॅम्बेसेडरचा कॅम

अण्णांची १९७४ची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू होटगी रोडच्या आमच्या घरासमोर बारा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. अण्णा गेल्यावर मी ठरवलं, गाडी विकायची नाही, चालवायची. आणि नुसती फिरवायची नाही, तिच्यात जान आणायची. पत्रा, वायरिंग, ब्रेक यात दीड वर्ष गेलं. ते काम सगळेच करतात, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. मला खरं शिकवलं ते कॅमशाफ्टनं, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यानं.

इंजिन १४८९ सीसीचं, मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधलं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) ७.२ ला १, म्हणजे आजच्या मानानं फारच कमी. हलक्या पेट्रोलवरही इंजिन ठोकू नये म्हणून ते तसं ठेवलेलं होतं. गाडीचं वजन अकराशे किलोच्या वर आणि कार्ब्युरेटर एकच. अशा इंजिनाला कसला कॅम चालतो याचा विचार न करता मी एका ओळखीच्या माणसाकडून '२८० डिग्री'चा रेसिंग कॅम आणला, म्हणजे क्रँक २८० डिग्री फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा. मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद, अशी तेव्हा माझी समजूत होती.

आमचे मिस्त्री चाचा गेली चाळीस वर्षं जुन्या गाड्यांचंच काम करतात. त्यांनी कॅम हातात घेऊन लोबवर, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्यावर, अंगठा फिरवला आणि विचारलं, "टॅपेट नवे आणलेस का?" टॅपेट म्हणजे लोबवर टेकून व्हॉल्व्हकडे धक्का पोचवणारे तुकडे. मी जुनेच वापरा म्हणालो. त्यांना ते पटलं नव्हतं, पण माझ्या हट्टापुढे त्यांनी काम केलं.

गाडी सुरू झाली. आवाज जबरदस्त होता, पण स्लो, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, अकराशे आरपीएमच्या खाली ठेवला की इंजिन बंद पडायचं. बाळीवेशीच्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये धक्के खात जायचो. तुळजापूरच्या घाटात तर दुसरा टाकूनही गाडी ओढेना, मागं ट्रकांची रांग लागली. पीयूसीला हायड्रोकार्बन २१०० पीपीएम आला. २००० सालाआधीच्या पेट्रोल कारला मर्यादा १५००ची आहे. नापास.

"चाचा, इग्निशन बघता का? टायमिंग चुकलं असेल."

"बाळा, इग्निशन ठीक आहे. इंजिनाचा दम बाहेर चाललाय. गेज लावून बघ."

सिलिंडरमधला दाब मोजणारं गेज लावलं. जुन्या कॅमवर चारही सिलिंडर १३० पीएसआयच्या आसपास दाखवायचे, आता १०५. रिंगा त्याच, व्हॉल्व्ह तेच, बदलला होता फक्त कॅम. त्या रात्री मी वही घेऊन बसलो.

पिस्टन तळाला जाऊन वर यायला लागला, तरी इनलेट व्हॉल्व्ह लगेच बंद होत नाही. तो बंद होईपर्यंत आत आलेली हवा परत मॅनिफोल्डकडे ढकलली जाते. खरं कॉम्प्रेशन सुरू होतं ते व्हॉल्व्ह बंद झाल्यावर. आमच्या एका सिलिंडरचा स्ट्रोक ३७२ सीसीचा आणि वर उरणारी जागा ६० सीसी. जुन्या कॅमवर इनलेट तळानंतर ४५ डिग्रीला बंद व्हायचा, तेव्हा प्रत्यक्षात मिळणारं कॉम्प्रेशन निघालं ६.५. नव्या कॅमवर तो ७० डिग्रीला बंद होत होता, तिथे ५.५. दहा-साडेदहा कॉम्प्रेशनच्या रेसच्या इंजिनाला एवढी गळती परवडते. वरच्या आरपीएमला हवेच्या वेगामुळे सिलिंडर भरूनही निघतो. आमच्याकडे मुळात पुंजीच लहान, त्यातली मी अजून उधळली होती. त्यात सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे. हवा आधीच विरळ.

दुसरी गोष्ट या इंजिनाच्या हेडची. १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला मिळून एकच इनलेट पोर्ट, तसाच ३ आणि ४ला. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. त्यामुळे एकाच पोर्टवरचे दोन सिलिंडर लागोपाठ हवा ओढतात. २८० डिग्रीच्या कॅमवर दोघांचे व्हॉल्व्ह १०० डिग्री एकदमच उघडे राहतात आणि एक सिलिंडर दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवतो. जुन्या कॅमवर हे फक्त ५० डिग्री होतं. सिलिंडर एकसारखे का जळत नाहीत, हे मला प्लगच्या रंगावरून दिसत होतं. कारण त्या रात्री कळलं.

हेड घासून कॉम्प्रेशन ८.३ करायचा पर्याय होता. त्यासाठी ९ सीसी जागा कमी करावी लागली असती. पण आमचं हेड आधीच दोनदा घासलेलं आणि व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये एक बारीक चीर भरून घेतलेली. चाचांनी साफ नाही सांगितलं. मलाही ते पटलं. म्हणजे कॉम्प्रेशन आहे ते राहणार, कॅम त्याला शोभेल असा घ्यायचा.

तेव्हा मी कॅम निवडायची पद्धतच उलटी केली. आधी विचारलं, इनलेट बंद कधी होतो? मग लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडतो किती? एकूण डिग्री सगळ्यात शेवटी.

उत्तर याच इंजिनाच्या कुळात सापडलं. १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये हेच १४८९ सीसीचं इंजिन होतं. तिच्या कॅमचं टायमिंग असं: इनलेट पिस्टन वर पोचायच्या १६ डिग्री आधी उघडतो, तळानंतर ५६ला बंद, एक्झॉस्ट तळाच्या ५१ आधी उघडतो, वरच्या टोकानंतर २१ला बंद. म्हणजे दोन्ही २५२ डिग्री. पण तिचं कॉम्प्रेशन ८.३ होतं. आमच्या ७.२ वर ५६चा हिशेब ६.१ येतो, तो मला कमी वाटला. मग कॅम ४ डिग्री पुढे बसवायचं ठरवलं, म्हणजे इनलेट ५२ला बंद होईल आणि आकडा जवळजवळ ६.३. जुन्यापेक्षा थोडाच कमी, आणि व्हॉल्व्ह सुमारे १ मिलिमीटर जास्त उघडणार. मला हवं होतं ते हेच.

नवा कॅम विकत न घेता अण्णांच्या सामानात सापडलेला एक जुना ओरिजिनल कॅम त्या मापाला ग्राइंड करून घेतला. पहिल्या दुकानात लोब घासताना करपवले, निळसर झाक राहिली. तिथला पृष्ठभाग मऊ पडतो. तो कॅम वाया गेला. दुसऱ्या ठिकाणी इंजिनातूनच काढलेला मूळ कॅम दिला आणि ग्राइंडिंगनंतर कडकपणा तपासूनच घेतला. ग्राइंड केल्यावर लोबचं मूळ वर्तुळ लहान होतं, म्हणून रॉकरचा स्क्रू तेवढा पुरतो का हेही बघावं लागतं. आमचा पुरला.

रेसिंग कॅम बाहेर काढला तेव्हा त्याचे लोब बघून वाईट वाटलं. तीनशे किलोमीटरही झाले नव्हते आणि १ नंबरच्या इनलेट लोबचं टोक खरवडलेलं होतं, इंजिनाखालच्या ऑइल संपच्या तळाला चकचकीत कीस. जुने टॅपेट नव्या लोबवर चालवल्याचा तो परिणाम. टॅपेटचा तळ अगदी किंचित फुगीर असतो, म्हणून तो फिरत राहतो; झिजून सपाट झाला की फिरायचा थांबतो आणि लोब खातो. या वेळी आठही टॅपेट नवे.

टायमिंग बसवायला एक पूर्ण रविवार लागला. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ३६० खुणांची कागदी चकती चिकटवून क्रँकला लावली, प्लगच्या भोकातून स्टॉप घालून खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो तो बिंदू) काढला, पुशरॉडवर डायल गेज. पहिल्यांदा मोजलं तर इनलेट ५८ला बंद होत होता. खूण जुळवून चेन बसवली तरी! कॅमचं चक्र किंचित सरकवणारी ऑफसेट चावी बदलून, परत मोजून, तिसऱ्या फेरीला ५२वर काटा आला. आईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तिथेच आणून दिली, काळ्या हातांनीच खाल्ली.

पहिल्यांदा सुरू करताना लोबला मॉलीची वंगण पेस्ट, जस्त जास्त असलेलं २०-५० ऑइल, आणि सुरू झाल्या क्षणापासून वीस मिनिटं दोन हजार ते अडीच हजारवर रेस. स्लोवर एक सेकंदही सोडायचं नाही. लोबला ऑइल उडून मिळतं ते रेसवरच. चाचा टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवून होते, मी अ‍ॅक्सिलरेटरवर.

गेजवर १२४ पीएसआय. स्लो साडेसातशेला शांत. पीयूसीला ४८० पीपीएम.

पुढच्या मंगळवारी आईला घेऊन तुळजापूरला गेलो. घाटात तिसरा गिअर टाकला आणि वरपर्यंत काढायची गरज पडली नाही. आई म्हणाली, "अण्णा असताना इथं दुसरा लागायचा."

हजार किलोमीटरनंतर इंजिनाचं साइड कव्हर उघडून चाचांनी १ नंबरचा टॅपेट बाहेर काढला. तळाला मधोमध गोल, एकसारखी चमक. आत बोट घालून त्यांनी लोब चाचपला, टॅपेट पुसून परत टाकला आणि कव्हरचं गॅस्केट मागितलं.