बाणस्तारीचा पूल आणि दुसरी लीज्ड लाइन

सरकारी पैशातून इंटरनेट घेताना नियम आडवे येतात, ही तक्रार आमच्या कार्यालयात नेहमीची आहे, आणि मी लेखा विभागात असल्यामुळे ती बहुधा माझ्याच टेबलासमोर उभे राहून केली जाते. कमीत कमी दर भरणाऱ्यालाच काम द्यावे लागते, मग सेवा अशीच मिळणार, हे तिचे ठरलेले पालुपद. गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या संस्थेने दुसऱ्या लीज्ड लाइनसाठी, म्हणजे केवळ आमच्यासाठी राखलेल्या भाड्याच्या इंटरनेट जोडणीसाठी, निविदा काढली तेव्हा जे घडले, त्यानंतर हे पालुपद मला निमूट ऐकून घेता येत नाही.

संस्था राज्य शासनाच्या अनुदानावर चालते आणि तिची खरेदी सामान्य वित्तीय नियम, 2017 प्रमाणे होते. पहिली लीज्ड लाइन बरी होती, पण ती तुटली की प्रवेशप्रक्रियेपासून वेतनाच्या देयकांपर्यंत सारेच ठप्प होई. पावसाळ्यात झाडे पडून खांबांवरच्या केबल तुटतात आणि पाऊस सरला की खोदकामे जमिनीखालच्या तोडतात. खोदण्यापूर्वी केबलवाल्या कंपन्यांना कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले खरे, पण ते उघडून पाहिल्यावरच फावडे खाली टाकणारा जेसीबीचालक आमच्या बाजूला अजून कुणाच्या दृष्टीस पडलेला नाही. म्हणून पहिल्या लाइनचे कंत्राट संपता संपता दोन वेगळ्या कंपन्यांकडून दोन लाइन घ्यायच्या असे ठरले.

नस्ती, म्हणजे या खरेदीची फाइल, माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर दोन सूचना होत्या. पहिली अशी, की महिन्याचे भाडे पंचवीस हजारांच्या आत बसवावे म्हणजे दरपत्रकांशिवायच काम होईल. नियम 154 मध्ये मुळात ती मर्यादा होती, परंतु ती वस्तूंच्या एकूण खरेदीची, सेवेच्या मासिक बिलाची नव्हे. शिवाय वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नयेत, असे नियम 157 स्पष्ट सांगतो. भाड्याची लाइन ही कंत्राटाच्या सगळ्या वर्षांची मिळून एक खरेदी असते, आणि अंदाजपत्रक करायचे ते त्या पूर्ण रकमेचे, अठरा टक्के जीएसटी धरून. दुसरी सूचना दूरसंचार विभागाच्या ऑक्टोबर 2020 च्या आदेशाची होती: त्या आदेशाने सरकारी दूरसंचार कंपन्यांच्या सेवा घेणे बंधनकारक केले आहे, तेव्हा निविदा कशाला? आदेश मी मुळातून वाचला. तो केंद्राची मंत्रालये व विभाग, केंद्रीय सार्वजनिक उपक्रम आणि केंद्रीय स्वायत्त संस्था यांना उद्देशून आहे. आम्ही राज्याच्या अखत्यारीत असल्यामुळे आम्हाला स्पर्धा मोकळी होती.

निविदेचा मसुदा करताना संगणक विभागाच्या प्रमुखांनी एक अट आग्रहाने घातली, आणि पुढचे सारे त्या अटीवरच उभे राहिले. दोन कंपन्या असून भागत नाही, दोन्ही लाइनचे मार्ग इमारतीपासून दूरच्या टोकापर्यंत वेगळे हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. फोंड्याहून मुख्य रस्त्याने पणजीकडे जायचे तर बाणस्तारीचा पूल ओलांडावा लागतो आणि मडगावकडे जायचे तर झुआरीवरचा बोरीचा. केबलही याच पुलांवरून जातात. म्हणून पहिली लाइन पणजीकडून आणि दुसरी मडगावकडून यावी, बोलीसोबत अस्तित्वातील मार्गाचा नकाशा व हमीपत्र जोडावे, आणि दराचा, म्हणजे आर्थिक, लिफाफा उघडण्यापूर्वी समिती जागेवर पडताळणी करील, असे लिहिले गेले. मी माझ्या बाजूने अपटाइमचे, म्हणजे लाइन किती वेळ चालू राहिली पाहिजे याचे, कलम बदलून घेतले. 99.5 टक्क्यांचा हिशेब तिमाहीवर केला तर कंपनी सलग पावणेअकरा तास बंद राहूनही दंडातून सुटते. तोच महिन्यावर केला तर तिला साडेतीन तासांच्या थोडे वर एवढीच सूट उरते. परीक्षेच्या दिवशी हा फरक कागदावरचा राहत नाही.

दुसऱ्या लाइनसाठी तीन बोली आल्या. एक अनामत रकमेच्या कागदांवरून बाद झाली. उरलेल्या दोघांपैकी एका कंपनीची कागदपत्रे इतकी नेटकी होती, की समितीतल्या एका सदस्यांनी जागेवर जाण्याची गरजच काय, असे विचारले. नकाशावर ढवळीवरून बोरीकडे आणि पुढे मडगावला जाणारी ठसठशीत लाल रेघ होती, आणि खाली मुंबईच्या कार्यालयाचे सही-शिक्क्याचे हमीपत्र. पण पडताळणीचे कलम आम्हीच घातले होते. अट लिहायची आणि ती तपासायची नाही, हे इतर बोलीदारांवर अन्याय करणारे ठरते, म्हणून ठरल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

कंपनीने पाठवलेला तंत्रज्ञ पंचविशीतला मुलगा होता. संस्थेच्या जवळच्या रस्त्याकडेच्या चेंबरचे झाकण त्याने पहारीने उचलले. आत घोटाभर गढूळ पाणी होते आणि त्यात दोन काळ्या केबल गुंडाळून ठेवलेल्या होत्या. त्याने हातानेच त्यांच्यावरचा चिखल पुसला, तेव्हा दर मीटरवर छापलेले आकडे आणि मालकाच्या नावाची पट्टी दिसू लागली. नाव ना या कंपनीचे होते ना आमच्या पहिल्या लाइनवाल्याचे. ते एका तिसऱ्याच पायाभूत सुविधा पुरवठादाराचे होते. असे नोंदणीकृत पुरवठादार केबलचे नळ आणि केबलमधले न पेटवलेले, म्हणजे वापरात नसलेले, प्रकाशतंतू दूरसंचार कंपन्यांना भाड्याने देतात आणि त्यात बेकायदा काहीच नाही. प्रश्न एवढाच होता, की त्या केबलमधला या कंपनीचा तंतू जातो कुठे.

संगणक विभागाच्या प्रमुखांनी ओटीडीआर लावायला सांगितला. हे यंत्र तंतूत प्रकाशाचे स्पंद सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तंतूची लांबी व वाटेतला प्रत्येक सांधा दाखवते. मडगाव तिथून वीस किलोमीटरच्या आत आहे. सुटी गुंडाळी धरली तरी आकडा फार वाढायला नको होता. पडद्यावरची रेषा मात्र वीस ओलांडून सरळ पुढे गेली आणि तिसाच्या आसपास खाली कोसळली. फोंडा-पणजी अंतर तेवढेच आहे. कुणी काही विचारण्याआधी तो मुलगाच म्हणाला, “मॅडम, आमची केबल फर्मागुडीच्यान पणजेच वता. मडगांवची लायन अजून जावंक ना.” म्हणजे त्यांची केबल फर्मागुडीवरून पणजीलाच जाते, मडगावची लाइन अजून झालेलीच नाही. मुंबईहून आलेल्या हमीपत्राची त्याला काही कल्पना नव्हती. त्याच केबलच्या दुसऱ्या तंतूवरून आमची पहिली लाइन बाणस्तारीच्या पुलावरून येत होती. म्हणजे दोन कंपन्यांना दोन बिले देऊन आम्ही एकच केबल दोनदा भाड्याने घेणार होतो, आणि त्या पुलाजवळ कुणी खोदले असते तर दोन्ही लाइन एकाच क्षणी गेल्या असत्या.

खरी कसोटी दुपारच्या बैठकीत लागली. एका सदस्यांचे म्हणणे होते, की लाइन कार्यान्वित करायला आठ आठवडे दिलेलेच आहेत, तेवढ्यात कंपनी मडगावची केबल टाकील. दर तरी उघडून पाहू. मला हे मान्य नव्हते. आठ आठवडे जोडणीसाठी होते, मार्ग मात्र अस्तित्वातील मागितला होता, आणि न टाकलेली केबल टाकलेली म्हणून दाखवलेली होती. दर उघडल्यावर स्वस्त बोली बाद करणे फार अवघड जाते, कारण तेव्हा वाचणारी रक्कम समोर दिसत असते. नियमाने जेवढी मुभा आहे तेवढी आम्ही वापरली आणि कंपनीकडे लेखी खुलासा मागितला. खुलासा आला तो असा, की मडगावच्या बाजूने रेडिओ लिंक, म्हणजे बिनतारी जोडणी, देऊ. खुलाशाने बोलीचा गाभा बदलता येत नाही. आम्ही तंतू मागितला होता आणि त्यांनीही तंतूच देऊ केला होता. रेडिओ ही वेगळी बोली झाली असती. समितीने बोली अटींशी विसंगत ठरवली. फसवणूक हा शब्द इतिवृत्तात घालावा असे कुणीतरी सुचवले, तो मी काढायला लावला. नियम 175 मध्ये दिशाभूल करणाऱ्या माहितीबद्दल तरतूद आहे, पण मुंबईतल्या सही करणाऱ्याला काय ठाऊक होते हे आम्ही सिद्ध करू शकत नव्हतो, आणि बोली बाद करायला ओटीडीआरची छापील प्रत पुरेशी होती.

आता एकच बोली उरली, तेव्हा फेरनिविदा काढायलाच हवी, असा सूर लगेच निघाला. हा आणखी एक रूढ समज आहे. पुरेशी प्रसिद्धी दिली असेल, पात्रतेच्या अटी अवाजवी जाचक नसतील आणि दर बाजाराच्या मानाने वाजवी असतील, तर एकच बोली असली तरी प्रक्रिया वैध मानता येते, असे नियम 173 मध्ये म्हटले आहे. उरलेल्या बोलीदाराची केबल आम्ही त्याच पद्धतीने तपासली. तिची लांबी मडगावशी जुळली आणि ती बोरीच्या पुलावर आम्ही डोळ्यांनी पाहिली. दर अंदाजपत्रकाच्या थोडा वर होता. इतर संस्थांच्या ताज्या खरेदी आदेशांशी तो ताडून पाहिला आणि वाजवीपणाची टिपणी मी स्वतः लिहिली.

बाद झालेल्या कंपनीने आक्षेप नोंदवला, त्याला कारणांसह उत्तर गेले. लेखापरीक्षणात ही नस्ती मागवली गेलीच, आणि एकल बोली का स्वीकारली हा प्रश्नही अपेक्षेप्रमाणे आला; टिपणी आणि ती छापील प्रत पाहून तो शेरा तिथेच वगळला गेला. मला चिंता वेगळीच आहे. कंपन्या आपापले तंतू अधूनमधून दुसऱ्या मार्गावर हलवतात आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून करारात दोन वाक्ये वाढवली आहेत: लेखी पूर्वसंमतीशिवाय मार्ग बदलता येणार नाही, आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी दोन्ही लाइनची संयुक्त ओटीडीआर चाचणी होईल. त्या चाचणीचा अहवाल जोडलेला नसेल तर त्या तिमाहीचे बिल माझ्या टेबलावरून पुढे जात नाही.