विलंब कुणाच्या खात्यावर?

ऑनलाइन खेळांतल्या लॅगचा, म्हणजे कळ दाबणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे यांतल्या उशिराचा, विषय निघाला की चर्चा फार लवकर इंटरनेटच्या वेगावर येऊन थांबते. शंभर एमबीपीएसचा प्लॅन असूनही खेळ अडखळतो म्हणजे कंपनी फसवते, असे एकाचे म्हणणे असते. तीनशेचा घ्या, मग बघा, असा दुसऱ्याचा सल्ला असतो. मूळ दुखण्याशी या दोन्हींचा फारसा संबंध नाही. काउंटर-स्ट्राइकसारखा नेमबाजीचा खेळ सेकंदाला एखाद्या मेगाबिटच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी, माहितीची देवाणघेवाण करतो. माहितीची छोटी पुडकी, म्हणजे पॅकेट्स, वेळेवर आणि एकसारख्या अंतराने पोहोचावीत, एवढीच त्याची मागणी असते, आणि नेमकी तीच कोणत्याही प्लॅनच्या जाहिरातीत लिहिलेली नसते.

मी कोल्हापुरात राहतो. खेळ चालवणारा मुंबईतला सर्व्हर इथून रस्त्याने साधारण पावणेचारशे किलोमीटरवर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद लागतात. त्या हिशेबाने मुंबईला जाऊन परत यायला चार मिलिसेकंद पुरायला हवेत. प्रत्यक्षात पिंग, म्हणजे या फेरीचा मोजलेला वेळ, वीस-पंचवीसच्या घरात असतो, कारण केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत राउटरमागून राउटर लागतात. माझा आतेभाऊ जर्मनीत असतो आणि आम्ही एकत्र खेळतो. फ्रँकफर्ट मुंबईपासून सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर आहे, म्हणजे केवळ प्रकाशाच्या वेगामुळे जाऊन-येऊन पासष्ट मिलिसेकंद जाणारच. त्यात केबल्स अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त आणि भूमध्य समुद्र अशा वळशाने जातात, त्यामुळे सव्वाशेच्या खाली आकडा उतरला तर आम्ही खूश असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल्स तुटल्या आणि भारताची बरीचशी वाहतूक लांबच्या मार्गाने फिरू लागली, तेव्हा तो फेरा आमच्या पिंगमध्येही दिसला. असा विलंब कोणताही प्लॅन घेऊन टळत नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे की लॅग नाहीसा करण्याची भाषाच सोडून द्यावी. खेळ बनवणारे लोक विलंब काढून टाकत नाहीत. तो कुणाच्या खात्यावर टाकायचा एवढेच ते ठरवतात. आपण ज्याला लॅग किंवा डीसिंक (दोन खेळाडूंच्या पडद्यांवरचे जग वेगवेगळे होणे) म्हणून शिव्या घालतो, ते बहुतेक वेळा त्या निर्णयाचेच दृश्य रूप असते.

१९९६ च्या उन्हाळ्यात आलेल्या ‘क्वेक’ या नेमबाजीच्या खेळात हे खाते अगदी उघडपणे खेळाडूचे होते. पुढे जाण्याची कळ दाबली की ती सर्व्हरकडे जाई, सर्व्हर हलवी, आणि उत्तर आल्यावर पडद्यावरचे दृश्य हलत असे. मोडेमवरून खेळणाऱ्याला आपलेच पाय उसने घेतल्यासारखे वाटे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेल्या ‘क्वेकवर्ल्ड’ या त्याच्याच इंटरनेटसाठीच्या आवृत्तीत प्रोग्रामर जॉन कारमॅकने खेळाडूच्या संगणकाला सर्व्हरची वाट न पाहता स्वतःची हालचाल लगेच दाखवायची मुभा दिली. सर्व्हरचे उत्तर आले आणि ते वेगळे निघाले, तरच दुरुस्ती करायची. पळता पळता अचानक चार पावले मागे ओढले जाण्याचा जो अनुभव आज सर्वांना ठाऊक आहे, तो हीच दुरुस्ती आहे. मधली काही पॅकेट्स गहाळ झाली, आपल्या संगणकाने अंदाजाने गाडी पुढे हाकली, आणि सर्व्हरने ती मान्य केली नाही.

स्वतःच्या हालचालीचा प्रश्न असा सुटला, पण गोळीचा सुटला नाही, कारण तिथे दुसरा माणूस गुंतलेला असतो. प्रतिस्पर्धी आपल्याला जिथे दिसतो तिथे तो आता नसतो. तो तिथे काही मिलिसेकंदांपूर्वी होता. शिवाय हालचाल धक्के न बसता दिसावी म्हणून आपला संगणक त्याला मुद्दाम आणखी थोडा मागे दाखवतो. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या सोर्स इंजिनमध्ये ही जादा मुदत मूळ मांडणीत १०० मिलिसेकंद होती. मग नेम धरायचा कुठे? दिसतो तिथे की असेल तिथे? व्हॉल्व्हने उत्तर दिले की दिसतो तिथेच धरा, बाकीचे सर्व्हर पाहील. सर्व्हर सर्व खेळाडूंच्या जागांची शेवटच्या एका सेकंदाची नोंद ठेवतो, तुमची गोळी आली की तुमचा पिंग आणि ती जादा मुदत वजा करून सगळ्यांना त्या क्षणाच्या जागी परत नेतो, गोळी लागली की नाही ते ठरवतो, आणि पुन्हा वर्तमानात येतो.

नेम धरणाऱ्याला हा न्याय वाटतो. ज्याला गोळी लागली, त्याचे म्हणणे मात्र ऐकण्यासारखे असते, कारण त्याच्या पडद्यावर तो केव्हाच भिंतीआड पोहोचलेला असतो. भिंतीमागे मेलो, अशी तक्रार करणारा खोटे बोलत नसतो; दोघांच्याही पडद्यावर दोघेही खरेच असतात, आणि खेळाने विलंबाचा बोजा नेम धरणाऱ्याच्या खांद्यावरून उचलून निसटणाऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला असतो. याच हिशेबामुळे कोपऱ्यावर दबा धरून बसलेल्यापेक्षा कोपऱ्यातून झपकन बाहेर येणाऱ्याला समोरचा आधी दिसतो, कारण त्याचे बाहेर येणे बसलेल्याच्या पडद्यावर पोहोचायला दोघांचाही विलंब खर्ची पडतो. सर्व्हर सेकंदाला ६४ ऐवजी १२८ वेळा हिशेब करू लागला की हे अंतर थोडे घटते, पण थोडेच: दोन हिशेबांमधला वेळ साडेपंधरा मिलिसेकंदांवरून पावणेआठवर येतो, इतकेच. आपल्या सव्वाशेपुढे ते काहीच नाही. या आकड्यावरून, म्हणजे टिकरेटवरून, होणारी भांडणे मला म्हणूनच जरा जास्त वाटतात.

खरा डीसिंक मी पाहिला तो मात्र ‘एज ऑफ एम्पायर्स’ या राज्य उभारून लढण्याच्या खेळात. १९९७ चा पहिला भाग २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर आठ जणांना खेळता यावा असा बेत होता. शेकडो सैनिकांच्या जागा त्या मोडेमवरून पाठवणे अशक्यच होते. म्हणून खेळ जागा पाठवतच नाही. फक्त आज्ञा पाठवतो. अमक्या गावकऱ्याने तमक्या झाडाकडे जावे, एवढीच आज्ञा सर्वांच्या संगणकांवर पोहोचते आणि पुढचे संपूर्ण जग प्रत्येक संगणक स्वतःच्या स्वतः चालवतो. काळाचे साधारण २०० मिलिसेकंदांचे तुकडे पाडलेले असतात, आणि एका तुकड्यात दिलेली आज्ञा दोन तुकड्यांनंतर सर्वत्र एकाच वेळी अमलात येते. गावकऱ्याला जागा दाखवली की त्याचा आवाज लगेच येतो आणि पाऊल जरा उशिरा पडते. त्या आवाजाने आपली समजूत काढलेली असते.

खेळाच्या दोन निर्मात्यांनी २००१ मध्ये लिहिलेल्या टिपणातली निरीक्षणे मला आजही फार मोलाची वाटतात. अडीचशे मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब खेळाडूंच्या लक्षातच येत नव्हता, पाचशेपर्यंतचाही चालून जात होता. चालत नव्हती ती धरसोड. दर वेळी पाचशे लागले तर हात त्या लयीला सरावत. कधी ऐंशी आणि कधी पाचशे लागले की खेळाडू वैतागत.

या पद्धतीत विलंब सर्वांच्या खात्यावर सारखा पडतो, आणि एकाचा संगणक मंदावला की बाकीचे सातही जण मंदावतात. त्याहून मोठा धोका म्हणजे सर्व संगणकांवरचे जग तंतोतंत एकच असले पाहिजे. त्याच टिपणात हरणाचे उदाहरण आहे. नकाशा तयार होताना एखादे हरीण एका संगणकावर किंचित वेगळ्या जागी पडले, तर ते चरायला किंचित वेगळ्या दिशेने जाते. काही मिनिटांनी शिकारीला गेलेला गावकरी किंचित वेगळ्या वाटेने जातो, त्याचा भाला चुकतो, आणि तो मांस न घेता परततो. एकाच्या राज्यात अन्न साठले, दुसऱ्याच्या राज्यात त्याच खेळाडूकडे ते नाहीच. संगणक अधूनमधून आपापल्या जगाचा ताळा जुळवून पाहतात. तो जुळला नाही की सामना तिथेच संपवावा लागतो. कोणते जग खरे हे सांगणारा कुणी नसतो. पिंग कितीही सुधारला तरी यावर उपाय होत नाही. सर्वांकडे खेळाची आवृत्ती एकच असणे, सर्वांचे मॉड (खेळात वरून घातलेले बदल) सारखे असणे, खेळाच्या फायली तपासून घेणे, आणि मोठ्या सामन्यात अधूनमधून खेळ जतन करणे, हेच काय ते खेळाडूच्या हातात उरते.

मारामारीच्या खेळांत टोनी कॅननच्या जीजीपीओ या सॉफ्टवेअरने तिसरीच वाट काढली. समोरचा मागच्या क्षणी जे करत होता तेच करत राहील असे गृहीत धरून खेळ पुढे चालतो, आणि अंदाज चुकला की काही फ्रेम मागे जाऊन नव्याने गणित मांडतो. माणूस सेकंदातल्या साठ फ्रेमपैकी बहुतेक फ्रेममध्ये खरेच तेच करत असतो, म्हणून हे आश्चर्यकारकरीत्या चालते.

आता आपल्या घरातला लॅग, ज्याच्याबद्दल काही करता येते. खेळ व्यवस्थित चालू असतो, अचानक पिंग पंचवीसवरून सहाशेवर जातो, दोन-तीन मिनिटांनी आपोआप उतरतो. माझ्याकडे हे संध्याकाळी व्हायचे, कारण त्या वेळी घरात कुणीतरी बाहेरून येई आणि त्यांचा फोन वाय-फायला जोडला जाताच दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवू लागे. अपलोडची क्षमता भरली की राउटर पॅकेट्स टाकून देत नाही, साठवून ठेवतो, आणि खेळाचे चिमुकले पॅकेट ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे अडकलेल्या मोटरसायकलसारखे त्या साठ्यामागे उभे राहते. हिशेब सोपा आहे: दहा एमबीपीएसच्या अपलोडपुढे एक मेगाबाइटची रांग साचली तर ती रिकामी व्हायला आठशे मिलिसेकंद लागतात. यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांग लांबू न देणारी कोडेल नावाची पद्धत मांडली, आणि तिच्यावर आधारलेल्या सोयी ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरमध्ये फुकट मिळतात. त्यात वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवायची, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तिथे खेळाच्या पॅकेटला वाट मिळते. वेग दहा टक्क्यांनी घटतो. तो खुशाल घटू द्यावा.

दोष कुठे आहे हे शोधायला संगणकावरची आज्ञा टाइप करायची एक काळी खिडकी पुरते. आधी राउटरच्या पत्त्यावर, बहुधा १९२.१६८.१.१ वर, पिंग चालू ठेवायचा. तिथेच आकडा एक-दोनवरून शंभरवर उड्या मारत असेल तर दोष वाय-फायचा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच असतात आणि अपार्टमेंटमधले सगळे त्यांवर गर्दी करून बसतात, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुणगुणतो. केबल ओढणे हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय. राउटरपर्यंत सगळे ठीक आणि पुढे बिघाड असेल, तर पॅकेट्सची वाट दाखवणारा ट्रेसरूट पाहावा. एकदा माझी मुंबईकडे निघालेली पॅकेट्स सिंगापूरचे दर्शन घेऊन येत होती. सेवा देणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवर तीनतीनदा स्पीड टेस्ट करायला लावली; ती उत्तमच येत होती, त्यामुळे त्यांच्या लेखी तक्रार मिटली. अशा वेळी, आणि जवळजवळ फक्त अशाच वेळी, वेगळ्या वाटेने नेणारे व्हीपीएन उपयोगी पडते. एरवी गेम बूस्टर म्हणून विकली जाणारी ॲप्स घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि टीव्हीवर खेळत असाल तर आधी त्याचा गेम मोड चालू करा. चित्र सजवण्यात टीव्ही कित्येक मिलिसेकंद खातो आणि बोल नेटला लागतो.

एवढे सगळे करूनही जर्मनीचे सव्वाशे मिलिसेकंद उरतातच, आणि तिथे प्रश्न पुन्हा खात्याचा येतो. एज ऑफ एम्पायर्स खेळताना आज्ञा इकडून तिकडे पोहोचवणारा सर्व्हर मुंबईकडे घेतला काय आणि फ्रँकफर्टकडे घेतला काय, आज्ञेला कोल्हापूर ते जर्मनी हे सगळे अंतर कापावेच लागते आणि दोघांनाही सारखेच थांबावे लागते, त्यामुळे आमच्यात वाद होत नाही. नेमबाजीच्या खेळात मात्र सर्व्हर ज्याच्या बाजूला, त्याला वीस मिळतात आणि दुसऱ्याला सव्वाशे. म्हणून तिथे आम्ही आळीपाळीने सर्व्हर निवडतो, आणि ज्याच्याकडे सव्वाशे आहेत त्याने कोपऱ्यात दबा धरून बसायचे नाही, स्वतः बाहेर यायचे, असे ठरवून घेतले आहे. आतेभाऊ हा नियम पाळत नाही, आणि हरला की केबलवर खापर फोडतो.