पिझ्झावाल्याची एक्सेल शीट

आज कॉलेजात डेटाबेसचा तास होता. बिझनेस टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट म्हटलं की लोकांना वाटतं, नुसती प्रेझेंटेशनं. कसलं काय! सरांनी एका पिझ्झावाल्याच्या ऑर्डरींची शीट पडद्यावर टाकली. ओळीगणिक गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन. "याने नंबर बदलला तर किती ठिकाणी खोडाल?" मग गिऱ्हाइकांचं टेबल वेगळं, ऑर्डरींचं वेगळं, दोघांना जोडायला फक्त कस्टमर आयडी. संगणकशास्त्रज्ञ कॉडसाहेबांनी १९७० साली मांडलेलं हेच ते रिलेशनल मॉडेल आज एकदाचं डोक्यात शिरलं.

सगळ्यात आधी बोलला तो गोदामात रात्रपाळी करून येणारा मुलगा. "आमच्याकडे एकच माल दोन नावांनी चढतो, म्हणून स्टॉक कधी जुळतच नाही." पुस्तकातल्या पानभर व्याख्येपेक्षा हे भारी.

इथे न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी साधारण ६० क्रेडिटची. पुढे क्रेडिट घेऊन सरकारी विद्यापीठात जाता येतं. सासूबाईंना फोनवर सांगितलं, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जातात ना, तसंच काहीसं. त्यांना लगेच पटलं.

गुरुवारपर्यंत ईआर डायग्राम, म्हणजे कुठलं टेबल कुठल्याशी जोडलंय त्याची आकृती, द्यायचाय. मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅक्सेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर मॅकवर चालत नाही, त्यामुळे शनिवार लॅबमध्ये. पोरांचं जेवण नवऱ्याकडे.