डोंगराचा पायथा कुणाचा? गायरानाच्या मोजणीचा माझा अनुभव

आमच्या गावावरचा डोंगर फॉरेस्टचा, असं लहानपणापासून ऐकत आलोय. नाशिकहून गिरणाऱ्याकडे जाताना रस्त्यावरून जे डोंगर दिसतात, त्यातलाच हा एक. वर करवंदाच्या जाळ्या, उतारावर साग आणि पळस, खाली मोकळा माळ. गावची गुरं त्याच माळावर चरतात. तिथे रात्री जेसीबी चालायला लागला, डंपरची ये-जा सुरू झाली आणि पायथ्याला मुरमाचा लाल खड्डा दिसू लागला. पारावर एकच वाक्य फिरत होतं, "फॉरेस्टवाले बघतील ना."

मी सातपूरला एका कंपनीत आहे. दुसरी पाळी असली की सकाळ मोकळी असते, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. सोबतीला आमचे आप्पा. आप्पांना जुन्या कागदांचा नाद आहे, आणि इथे तोच कामी आला.

सुरुवात वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून केली. पाठोपाठ बीटच्या वनरक्षक मॅडम आल्या. खड्ड्याजवळ थांबल्याच नाहीत, सरळ चढायला लागल्या. बरंच वर एका जाळीत दगडांचा रचलेला ढीग होता, त्याला पुसट झालेला चुना. "दादा, हा आमचा बुरूज. याच्या वर राखीव वन. खोदलंय ते खाली, मग मी वनगुन्हा कसा नोंदवू?" मोबाइलवर जीपीएस लावून त्यांनी तो बिंदू दाखवलाही. आप्पा हिरमुसले. पण मॅडमनी जाता जाता जे सांगितलं त्यातूनच पुढचं सगळं उभं राहिलं: "तलाठ्यांकडे गाव नमुना एक-अ आणि एक-ब बघा. ही जागा दोन्हीपैकी कुठे बसते ते कळेल."

गावची जमीन वेगवेगळ्या नोंदवह्यांत असते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? १-अ मध्ये वनजमिनी, १-ब मध्ये सरकारच्या मालकीच्या जमिनी आणि १-ई मध्ये अतिक्रमणं. भाऊसाहेबांनी, म्हणजे तलाठ्यांनी, वही काढली. आमचा माळ १-ब मध्ये निघाला. त्याचा सातबारा काढला (डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो), त्यावर भोगवटादाराच्या जागी 'सरकार' आणि खाली 'गुरचरण'. म्हणजे गायरान. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ खाली चराईसारख्या गावाच्या गरजांसाठी राखून ठेवलेली जागा. मालकी शासनाची, देखरेख ग्रामपंचायतीची. तेव्हा "फॉरेस्टवाले बघतील" म्हणणाऱ्या आमच्या गावानेच बघायचं होतं.

गायरानाला कायद्याचं पाठबळ चांगलं आहे. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं आणि त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र शासनानेही गायरानांबाबत निर्णय काढला. आप्पांनी तो छापून घडी करून खिशात ठेवला. बोलताना कुणी आवाज चढवला की ते नुसता कागद उलगडायचे.

पण समोरच्याकडेही, म्हणजे खोदणाऱ्याकडेही, कागद होता. गायरानाला लागून एक खाजगी गट आहे आणि त्या गटातून मुरूम काढायची परवानगी त्याने रीतसर घेतलेली. "आम्ही आमच्याच गटात खोदतोय, तुम्हाला हद्द दाखवता येते का?" तो हसत म्हणाला. खरं सांगायचं तर प्रश्न रास्त होता. माळावर ना बांध, ना दगड. पूर्वी एक खैराचं झाड हद्दीवर होतं म्हणतात, तेही आता नाही. वनखात्याचा बुरूज निदान उभा आहे. गायरानाची हद्द नकाशाबाहेर कुठेच दिसत नाही, आणि खोदणाऱ्याला तेच हवं असतं.

मग दोन गोष्टी एकदम केल्या. एक, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि विषय एकच. महाराष्ट्राच्या नियमांत हे बसवावंच लागतं. परवानगीची प्रत मागितली: गट कोणता, किती ब्रास, मुदत कधीपर्यंत, स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याचं चलन. ३० दिवस उलटूनही उत्तर आलं नाही तेव्हा पहिलं अपील टाकलं, त्यानंतर प्रत हातात पडली. आप्पांनी तोवर दोरी घेऊन खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली मोजून ठेवली होती. शंभर घनफुटांचा एक ब्रास, हिशेब कुणीही करू शकतं. परवानगीतल्या ब्रासांत तो खड्डा मावत नव्हता.

दुसरी गोष्ट मोजणी. आता गायरानाची मोजणी मी कोण मागणार? अर्ज ग्रामपंचायतीचाच हवा आणि त्यामागे ग्रामसभेचा ठराव. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस, माणसं कुठून येणार? सभा तहकूब झाली. खोदणाऱ्याच्या नात्यातले काहीजण खुशीत घरी गेले. पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे सरपंच ताईंना पक्कं माहीत होतं. पुढच्या सभेत विषय निघाला.

ठरावाच्या मसुद्यात आधी 'डोंगराचे संरक्षण करण्याचे ठरले' एवढंच होतं. असल्या ठरावावर टाळ्या मिळतात, मोजणी मिळत नाही. आप्पा हटून बसले. शेवटी गट नंबर, क्षेत्र, 'हद्द कायम मोजणी करून घेणे', 'फी ग्रामनिधीतून भरणे' आणि अर्ज करण्याचे अधिकार कुणाला, असं सगळं लिहून घेतलं. तुमच्या गावात अशी वेळ आली तर या एका कागदावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही नोंदवतो. मुरूम लागतोच की, घराला, रस्त्याला, शहरातल्या लेआउटना. आणि पडीक माळ कुणाच्या कामाचा? त्यावर बोलायला उठली ती पायथ्याशी विहीर असलेली एक काकू. डोंगराचं पाणी मुरमात झिरपतं आणि तेच विहिरीला येतं, मुरूमच नेला तर पाणी थांबणार कशात, एवढंच म्हणाली. भूगर्भशास्त्रही हेच सांगतं. आपल्याकडचा काळा पाषाण बहुतांशी अभेद्य, पाणी धरतो तो मुख्यतः त्याचा कुजलेला वरचा थर, म्हणजे मुरूमच.

मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटिसा गेलेल्या, त्यामुळे माळावर जत्रा. भूकरमापकांनी रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने बिंदू घेणारं मोजणीचं यंत्र) उभा केला आणि एकेक बिंदू घेत गेले. चुन्याची फक्की टाकत हद्द खड्ड्याकडे सरकायला लागली तसा आवाज कमी झाला. खड्ड्याचा एक कोपरा खाजगी गटात, बाकी सगळा गायरानात. तो नकाशा, म्हणजे मोजणीची 'क' प्रत, हातात आल्यावर तहसीलकडच्या अर्जाला वजन आलं. त्याच्यासोबत सातबारा, ठराव, परवानगीची प्रत आणि तारीख-ठिकाण दिसणारे फोटो जोडले.

सर्कल (मंडळ अधिकारी) आणि भाऊसाहेब पंचनाम्याला आले, तर पंच म्हणून सही कोण करणार? गावात उद्या तोंड दाखवायचं असतं. पुरुष मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. बचत गटातल्या दोघींनी पुढे होऊन सह्या केल्या, त्यातली एक ती विहीरवाली काकू.

त्याच महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) प्रमाणे मुरमासारखं गौण खनिज विनापरवाना काढलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. तसा आदेश निघाला. समोरच्याने त्यावर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील केलंय, ते चालू आहे. जेसीबी गेला. डंपर यायचे त्या वाटेवर ग्रामपंचायतीने आडवा चर खणला. त्यामुळे काहींचा ट्रॅक्टर जायचा रस्ताही बंद झाला आणि ते आमच्यावर नाराज आहेत. त्यांना चराच्या बाजूने वाट सोडायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

मोजणीच्या खुणा पावसात वाहून जायच्या आत हद्दीचे दगड बसवायला हवेत. दगड रोवायचा खर्च ग्रामनिधीतून की लोकवर्गणीतून, हा पुढच्या ग्रामसभेचा विषय आहे. आप्पांनी मसुदा आत्ताच लिहून ठेवलाय, त्यात प्रत्येक दगडाचा नंबर आहे.